शिरभातेकाकांचं रीळ

शिरभातेकाकांच्या घरी मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. त्यातलं पहिलं वर्षभर माझं नाव सुमन आहे हेच त्यांना पटलं नव्हतं. कामाला लागले त्या दिवशी त्यांनी माझं आधार कार्ड मागून घेतलं, खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि विचारलं, "ही तूच का वं?"

मी हो म्हटलं.

"फोटोतली जास्त हुशार दिसून राहिली," ते म्हणाले.

आतून काकूंनी आवाज दिला की आता तिला आत येऊ द्या, कणिक मळायची आहे, तुमची तपासणी नंतर करा.

काका पाटबंधारे खात्यात बाबू होते. तीस वर्षं त्यांच्या हाताखालून कागद गेले आणि त्यातले अर्धे खोटे होते असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर कागद संपले, पण नजर तीच राहिली. नंदनवन वस्तीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय आत येत नसे. दुधाचा थेंब ते अंगठ्याच्या नखावर ठेवून ओघळतो कसा ते बघत. गॅसचं सिलिंडर ताणकाट्याला लावून वजन करत, आणि ते आणणारा जिन्यात उभा राहून हसत असे. भिंतीवर दोन घड्याळं होती. दोन्हींत फरक पडला की ते खूश होत, कारण दोघांपैकी एक खोटं बोलतंय हे आता सिद्ध झालं होतं.

त्यांचा सगळ्यात जास्त राग ढिल्या झाकणावर होता. तिखट, मीठ, लोणचं, सांडगे, कोणत्याही बरणीचं झाकण घट्ट नसेल तर ते ती बरणी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहत. "हे ढिलं काहून राहिलं? हवा जाते, मुंगी जाते, अन् कोणी हात घातला ते कळत नाही." रोज संध्याकाळी ते सगळ्या बरण्यांवरून हात फिरवत. पहिल्या सहा महिन्यांत मला इतकी बोलणी बसली की पुढं माझा हात आपोआप चालू लागला. माझ्या घरीसुद्धा, दुसऱ्याच्या घरीसुद्धा, काही ढिलं दिसलं की मी ते आवळून टाके.

या माणसाला एकच शौक होता. दर रविवारी ते गळ टाकायला पारशिवनीकडे पेंच नदीवर जात. काठी एका लांब प्लॅस्टिकच्या नळीत, नळी खांद्यावर, आणि सकाळची एसटी. त्यांना एकच मासा हवा असे, महाशीर. मोठ्या खवल्यांचा, ओठांशी चार मिशा असलेला, वाहत्या पाण्यात तळाशी राहणारा. आमिषाची कणिक मीच मळून देत असे. त्यात बेसन, गूळ आणि चिमूटभर हिंग. हिंग किती ते काका स्वतः टाकत, माझ्याकडे पाठ करून.

मी ढिवराची मुलगी आहे. माझं माहेर त्याच नदीवर, माझा बाप जाळं टाकायचा, आणि त्या मिशावाल्या माशाची ताकद मी लहानपणापासून ऐकून आहे. माहेर तिकडचं एवढंच काकांना माहीत होतं, बाप मासे धरतो हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची जागा मी माहेरच्यांना दाखवीन असं त्यांना वाटलं असतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, बोलायला कच्ची. गप्प राहणं मला सोपं जात असे.

मी लागले त्याच्या आदल्या वर्षी काकांची एक काठी नदीत गेली होती. ते ती गोष्ट अशी सांगत की जणू घरात चोरी झाली आहे. काठी दोन दगडांत टेकवून ते विडी पेटवत होते. तेवढ्यात मासा लागला. हा मासा आमिष उचलतो आणि एकदम प्रवाहाबरोबर धाव घेतो. रिळाचा ब्रेक घट्ट असेल तर दोरा सुटत नाही, आणि काठीच ओढली जाते. ब्रेक ढिला ठेवला तर काठी वाचते, पण मग मासा लागल्यावर त्याला आवरायला जोर राहत नाही. म्हणून काकांना दोन ब्रेकचं रीळ हवं होतं. मागचा ढिला, वाट पाहताना दोरा सुटू देणारा. पुढचा घट्ट, माशाशी झुंजायला. मधला खटका दाबला की एकावरून दुसऱ्यावर.

असं रीळ मिळत होतं. मिळालेलं रीळ काकांना पटणं ही वेगळी गोष्ट होती. त्याला दहा वर्षं लागली.

इतवारी बाजाराच्या एका बोळात नत्थूभाऊंचं दुकान होतं. जाळी, सुतळी, गळ, शिसाचे गोळे, आणि काचेच्या कपाटात आठदहा रिळं. नत्थूभाऊ बारीक अंगाचे, बोलणं हळू, कानात अत्तराचा फाया. काकांचं आणि त्यांचं पंचवीस वर्षांचं जाणं-येणं होतं. दुकानातल्या दुसऱ्या स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की नत्थूभाऊ म्हणत, जरा सरका, ते साहेबांचं आहे. त्यांच्यात एक रीत ठरलेली होती. रीळ आठ दिवस घरी न्यायचं, पसंत पडलं तर ठेवायचं, नाही तर जसंच्या तसं परत. दुसऱ्या कोणाला नत्थूभाऊंनी हे करू दिलं नसतं.

घरी रीळ आलं की आधी काका ते कानाशी धरून मूठ फिरवत. डॉक्टर छाती ऐकतो तसं डोळे मिटून. मग मूठ धरून हलवत, तिच्यात खेळ आहे का बघत. मग दोरा गुंडाळून तो सगळीकडे सारखा बसतो का ते बोट फिरवून पाहत, कारण एका बाजूला ढीग झाला की माशाच्या पहिल्या धावेत दोरा अडकून तुटतो. आणि हे सगळं जमलं तर शेवटी बादली.

काठी गॅलरीच्या कठड्याला बांधायची. दोऱ्याच्या टोकाला बादली. मी खाली अंगणात. मागच्या ब्रेकसाठी बादलीत एक लोटा पाणी, पुढच्यासाठी चार. काका वरून ब्रेक थोडा थोडा सोडत आणि बादली खाली येई. ती संथ आली पाहिजे. मध्येच थांबून झटक्यानं सुटली की रीळ नापास. माझ्या डोक्यावर पाणी पडलं तरी नापास. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारत की तुमच्या नळाला पाणी नाही का, आणि काकू वरून सांगत, "पाणी आहे, डोकं नाही."

दुकानात नत्थूभाऊ एकदा म्हणाले होते, "साहेब, पोरगी पाहायले इतके दिवस लावले नसतील तुम्ही." काकांनी ते घरी येऊन सांगितलं. काकू पोळीवर तूप लावत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी एका चहात पसंत केलं ना, त्याचा सूड रिळावर काढून राहिले."

काकूंनाही संशय होताच, पण वेगळा. दर रविवारी जाणारा आणि एकदाही मासा घरी न आणणारा माणूस खरंच नदीवर जातो का? एकदा मला माहेरी जायचं होतं, तर त्यांनी काकांना गळ घातली की हिला सोबत घेऊन जा, एकटी आहे. आणि जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "पाहून ये वं."

एसटीतून उतरल्यावर मी माहेरी दुपारनंतर जाईन म्हणत सोबतच राहिले, पण काका सरळ नदीकडे गेले नाहीत. आधी एका टपरीवर थांबले, मग एका शेताच्या धुऱ्यावर उगाच बसले, मग उलटे चार पावलं चालले. कोणी मागं येत नाही अशी खात्री झाल्यावर आम्ही वळणाच्या खाली, दगडांतून पाणी धावतं तिथं गेलो. मी लांब पळसाखाली बसले. दोन तास काही झालं नाही. मग काठी वाकली आणि काका उभे राहिले, आणि मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. घाई नाही, शिव्या नाहीत, तोंडावर तो वाकडा प्रश्न नाही. माशानं ओढलं की ते देत, थांबला की घेत. बऱ्याच वेळानं तो काठाशी आला. सोनेरी अंग, जाड ओठ, मिशा. काकांनी हात ओले करून त्याला पाण्यातच पोटाखालून धरलं, गळ काढला, तोंड प्रवाहाकडे करून थोडा वेळ तसाच ठेवला. त्याला दम आला तसा तो त्यांच्या हातांतून निघून गेला.

आमच्या घरी हातात आलेला मासा कधी परत गेला नव्हता. मी न राहवून विचारलं, सोडला काहून?

काका हात पुसत होते. "तो तिथं आहे, हे मले आता माहीत आहे," ते म्हणाले. "एक तरी गोष्ट पक्की माहीत असावं माणसाले."

घरी मी काकूंना सांगितलं की नदीच आहे. त्यांना थोडं वाईटच वाटलं. म्हणाल्या, "दुसरं काही असतं तर भांडायले तरी झालं असतं."

नंतर ते काळं रीळ आलं. मागच्या बाजूला छोटी गोल चकती, तोच ढिला ब्रेक, हे मला नंतर कळलं. ते कानाला पटलं, बोटाला पटलं, बादलीला पटलं. आठ दिवसांचे काकांनी सोळा केले. शेवटी मी चहा घेऊन गेले तेव्हा ते रीळ मांडीवर घेऊन बसले होते. "बरं आहे," ते म्हणाले. एवढं मोठं कौतुक मी त्यांच्या तोंडून पोळीचंसुद्धा ऐकलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. शनिवारी संध्याकाळी बादलीवर दोन्ही ब्रेक लावायचे आणि मग नदीवर त्यांना हात लावायचा नाही. नदीवर हात थरथरतो, आशा असते, अंदाज चुकतो, असं ते म्हणत. जगात त्यांचा भरवसा कशावर असेल तर त्या मोजलेल्या लोट्यांवर. पण मागची चकती ढिली ठेवतात आणि का ठेवतात, हे त्यांनी घरात कोणाला कधी सांगितलं नाही. त्यांना वाटे, सांगितलं की शिकतात आणि शिकले की नदीवर येतात. मी खाली अंगणात असे, वर हात काय करतो ते मला दिसत नसे. काठी का गेली ती गोष्ट मला पाठ होती, पण कोणती चकती कशाची ते मला कळत नव्हतं.

मग एका शनिवारी काका ब्रेक लावून औषध आणायला गेले. काठी आणि रीळ जेवणाच्या टेबलावर होतं, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. मी टेबल पुसायला रीळ उचललं तर मागची चकती हातात लडबडली. मला वाटलं, ही एसटीत गळून पडेल. मी ती आवळली. दोन फेरे आणि वर थोडं. लोणच्याच्या बरणीचंही झाकण पाहिलं, आणि घरी गेले.

रविवारी मी संध्याकाळच्या स्वयंपाकाला गेले तेव्हा काका दारातल्या खुर्चीत बसले होते, पायांत ओले बूट तसेच. पँट कमरेपर्यंत भिजलेली. नळी शेजारी उभी, रिकामी.

"काठी गेली," ते म्हणाले.

काकूंनी विचारलं, मग त्यांनी सांगितलं. टोक वाकलं, दोरा सुटायला हवा होता, सुटला नाही. काठी दगडांतून उडाली. ते मागोमाग पाण्यात शिरले, पण प्रवाहात काही दिसेना. "मागचा ब्रेक अडकला. नत्थूनं वापरलेला माल देला मले." मी मेथी निवडत होते. माझ्या बोटांना आधी कळलं. ती चकती फिरताना जशी लागली होती तशी पुन्हा लागली.

दुसऱ्या दिवशी ते मला दुकानात घेऊन गेले, रिळाचा रिकामा खोका धरायला. नत्थूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले की महिन्याच्या आत असं रीळ आपणहून अडकत नाही, घरी कोणी हात लावला असेल का ते बघा.

काकांचा आवाज चढला. "माझ्या घरात मी आहे, बायको आहे अन् ही आहे. बायको रिळाकडे पाहत नाही. अन् हिच्याकडे बोट दाखवशील, तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही मी."

अकरा वर्षांत त्या माणसानं कोणाबद्दल असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. खोका माझ्या हातात होता. नत्थूभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. काका पायरी उतरले ते उतरलेच.

त्यांनी आपल्या ओळखीच्या, रविवारी गळ टाकणाऱ्या सगळ्यांना फोन केले. नत्थू जुना माल नवा म्हणून देतो. काकांसारखा तपासणारा माणूस फसला म्हटल्यावर कोण कशाला जाईल तिथं. दोन महिन्यांनी मी त्या बोळातून गेले तर काचेचं कपाट रिकामं होतं. रिळं खपेनात म्हणून परत पाठवली होती, नुसती जाळी आणि सुतळी उरली होती. काकाही नदीवर जायचे थांबले. गॅलरीत बसत. बरण्यांवरून हातसुद्धा कधी कधी फिरवत नसत.

माझी बस इतवारीत बदलायची. नत्थूभाऊ दिसले की हाक मारत, "सुमनबाई, साहेबांची तब्येत कशी आहे?" मी बरी आहे म्हणे. त्या चकतीबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कदाचित खोटं बोलून सुटले असते. ते फक्त तब्येत विचारत. दर वेळी तेच, आणि दर वेळी मी घरापर्यंत कशी पोहोचले मला कळत नसे. काम जाईल ही भीती होती. पण त्या माणसाचं नाव माझ्यामुळं गेलं होतं, आणि ते मला एकटीलाच माहीत होतं.

एके सकाळी कणकेचे हात तसेच घेऊन मी गॅलरीत गेले आणि सांगून टाकलं. काकांचे डोळे बारीक झाले.

"नत्थूनं शिकवलं का तुले?"

मी नाही म्हटलं.

"किती फेरे?"

दोन, अन् वर थोडं.

"कोणत्या बाजूले?"

बरणीचं झाकण लावतो त्या बाजूले, मी म्हटलं.

ते उठले. जुनं, एकाच ब्रेकचं रीळ आणलं, उरलेली काठी कठड्याला बांधली, बादलीत एक लोटा पाणी घातलं. ब्रेक ढिला केला तशी बादली संथ खाली गेली. ती वर ओढून त्यांनी रीळ माझ्यापुढं धरलं. "कर, जसं केलं होतं तसं." मी केलं. बादली जागची हलली नाही. त्यांनी दुसरा लोटा घातला. तिसरा. चौथा. काठी वाकली, दोरा ताणला, आणि बादली तशीच लोंबकळत राहिली. काकू दारात येऊन उभ्या होत्या.

"झाकणं मीच आवळायले लावली तुले," काका शेवटी म्हणाले. मग, बादलीकडेच बघत, "एकाच माणसाच्या बाजूनं मी पक्कं बोललो होतो."

मी रडत होते. त्यांनी विचारलं, हे कोणाला सांगितलंस का. नाही म्हटलं. "मग सांगू नको," ते म्हणाले आणि आत गेले.

त्या रात्रभर मी त्यांच्यावर संशय घेत राहिले. वाटलं, आता हे दाबून टाकणार. इतक्या लोकांना सांगून बसलेत, आपलं तोंड कसं परत घेतील. सकाळी गेले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चाल," म्हणाले. मला वाटलं, नत्थूभाऊंसमोर मलाच बोलायला लावतील. ऑटोत मी मनात वाक्य जुळवत होते. ते बाहेर बघत होते.

दुकानात नत्थूभाऊ सुतळीचा गुंडा करत होते. काकांना बघून त्यांचे हात थांबले. काका पायरी चढले.

"नत्थू, चूक माझ्या घरची निघाली," ते म्हणाले. "ब्रेक मीच आवळून ठेवला होता गा. वय झालं, ध्यानात राहत नाही."

नत्थूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त वेळ. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. मग ते म्हणाले, "असं होते साहेब," आणि स्टुलावरचा सुतळीचा ढीग उचलून त्यांनी स्टूल कपड्यानं पुसला.

काकांनी बसायच्या आधी मला सांगितलं, "तू जाय वं. मले वेळ लागन."

दुसऱ्या दिवशी मी मुलीच्या बाळंतपणाला सावनेरला गेले. तिथंच काकूंचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. म्हणून माझ्यासाठी शेवटचे ते त्या बोळातलेच राहिले आहेत. कोपऱ्यावर पोहोचून मी मागं वळून पाहिलं होतं. ते रस्त्याकडे पाठ करून बसले होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना दाराकडे तोंड केल्याशिवाय कुठं बसलेलं पाहिलं नव्हतं. चष्मा कपाळावर, मोबाईल तोंडासमोर आडवा धरलेला, आणि आवाज इतका मोठा की बोळातली माणसं थांबून बघत होती.

"हॅलो, शिरभाते बोलतो. नत्थूबद्दल मी तुम्हाले सांगितलं होतं ना, ते खोटं होतं. हो, मीच खोटं सांगितलं."

मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पुढचा नंबर शोधू लागले.